जुना कपलर, नवा सेन्सर

ऑक्सिजन सेन्सर मोटारीच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये बसतो आणि जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरला, हे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीएमला कळवतो. १९७६ साली बॉशचा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांमधून पहिल्यांदा रस्त्यावर आला, तेव्हा त्याला एकच वायर होती. त्यातले झिर्कोनियाचे सिरॅमिक सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच काम करते आणि तापण्यासाठी त्याची सारी भिस्त धुरावर असे. पुढे आत हीटर आला, वायरी तीन झाल्या, मग चार. शिसे त्याच्यावरच्या प्लॅटिनमच्या थराचा घात करते; भारतात हा सेन्सर रुजला तो शिसेविरहित पेट्रोल आल्यावरच.

गाडी म्हातारी होते तसा सेन्सर मंदावतो, पेट्रोल जास्त लागते आणि बदलायची वेळ येते. नव्याचे आटे जुन्यासारखेच, बहुधा १८ मिलिमीटरचे. २२च्या पान्याने तो सहज बसतो. वायरींच्या टोकाचा कपलर मात्र अनेकदा जुळत नाही. अशा वेळी आधी सेन्सरची जात तपासावी. टायटानियाचा सेन्सर व्होल्टेज देत नाही, त्याचा रोध बदलतो. वाइडबँड सेन्सरला बहुधा पाच-सहा वायरी असतात. या दोन्ही जाती साध्या झिर्कोनियाच्या जागी चालत नाहीत, कपलर कितीही कौशल्याने बदलला तरी.

जात तीच असेल तर जुना कपलर वायरीच्या तुकड्यासह कापून नव्याला जोडता येतो. रंगाला रंग जोडणे इथे धोक्याचे. बॉशच्या दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थची. डेन्सोच्या अनेक सेन्सरांत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. पांढरीला पांढरी जोडली तर हीटरचा प्रवाह ईसीएमच्या नाजूक सर्किटात शिरू शकतो. त्यापेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवावा: थंड सेन्सरच्या ज्या दोन वायरींत काही ओहमचा रोध दिसतो, त्या हीटरच्या. त्या आपसांत उलटल्या तरी बिघडत नाही. सिग्नल आणि अर्थ उलटून चालत नाहीत.

सांधा डागू नये, क्रिम्प करावा. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी ताजी हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत घेतात; कथील ती वाट बुजवते. सांधे मागेपुढे ठेवावेत, म्हणजे एकमेकांना टेकत नाहीत. त्यांवर पाणी न शिरणारी स्लीव्ह चढवावी आणि वायर तापलेल्या पाइपपासून दूर बांधावी. इंजिन गरम झाल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झपाझप वरखाली व्हायला हवे. कन्व्हर्टरनंतरच्याचे जवळपास स्थिर राहते.