आवणीचं दुखणं नव्हे

प्रिय बाय,

काल फोनवर म्हणालीस, आवणी करून आलं की पोटऱ्यांत गोळे येतात. वहिनी म्हणते, दिवसभर चिखलात वाकल्यावर येणारच. येतात, आम्हालाही येतात. पण घरात बसल्याजागी तुझ्या ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात, ते मला आवणीचं वाटत नाही.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आठवते ना? तिथून परळला टाटा हॉस्पिटलात जायचो. कॅन्सरचं ते सिस्प्लॅटिन औषध असलं की आधी सलाइन, नंतरही सलाइन, आणि मी तुझी लघवी मापून वहीत लिहायचे. तेरा वर्षांची तू, लाजून चादर तोंडावर ओढायचीस. ती सगळी धडपड तुझी मूत्रपिंडं वाचवण्यासाठी होती. या औषधात प्लॅटिनम असतं. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या ते ओढून घेतात आणि दुखावतात. लघवीत निघालेलं मॅग्नेशियम रक्तात परत घेणं हे त्या नळ्यांचंच काम. ते बिघडलं की मॅग्नेशियम झिरपत राहतं, काहींचं वर्षानुवर्षं. ते कमी झालं की पोटॅशियमही लघवीवाटे जातं, कॅल्शियमही उतरतं. मग मुंग्या, गोळे, थकवा.

तुझं क्रिएटिनिन चांगलं आलं म्हणून आपण निर्धास्त झालो. त्या तपासणीत ही गळती दिसत नाही, मॅग्नेशियम वेगळं तपासायला सांगावं लागतं. मागच्या पावसाळ्यात पाय दुखतो म्हणून एका डॉक्टरांनी तुला डायक्लोफिनॅकची सुई दिली. तसली औषधं अशा मूत्रपिंडांना जड जातात. पण नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते आपण त्यांना सांगितलंच कुठे? लग्नाच्या बोलणीत अडचण नको म्हणून आपण ती फाइलच पेटीत दडवली. माझाही त्याला होकार होता. बाय, ते चुकलं.

नाचणीची भाकर सोडू नकोस, तिच्यात मॅग्नेशियम चांगलं असतं. पण गळती मोठी असेल तर भाकरीने भागत नाही, गोळ्या लागतात, कधी सलाइनमधून द्यावं लागतं. ॲसिडिटीची रोजची गोळीही डॉक्टरांना दाखव, काहींचं मॅग्नेशियम तिनेही उतरतं. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच जामसरच्या आरोग्य केंद्रात जा. छातीत धडधडलं किंवा झटका आला तर माझी वाट बघू नका, थेट जव्हारचं कुटीर रुग्णालय गाठा.

बुधवारी मी येते. आधी रक्त तपासू, मग परळला जाऊ. उपचार संपलेल्या मुलांसाठी तिथे १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो. फाइल काढून उन्हात ठेव, ओल लागली असेल. मोठ्या अक्षरात ‘सिस्प्लॅटिन’ लिहिलेलं पान सगळ्यात वर लाव.

तुझी आत्या