काजळी

आमच्या घरात काळ्या रंगाला कधी वाण पडली नाही. चुलीमागची भिंत काळी, वरचं आढं काळं, तवा काळा, पातेल्यांची बुडं काळी. शिंक्याला हात लागला तर हातही काळा. पण काजळीला घाण म्हणायची पद्धत नव्हती. लागेल तेव्हा ती घरात हाताशी असायची.

घरात बाळंतीण आली की आज्जी काजळ धरायची. एरंडेलाची पणती, तिच्या दोन्ही अंगाला विटा आणि विटांवर पालथं घातलेलं तांब्याचं ताम्हण. वात मुद्दाम जाड. सकाळपर्यंत ताम्हणाच्या पोटाला मखमलीसारखा थर बसलेला असे. आम्ही पोरं वाकून बघायला लागलो की ती ओरडायची, "आरं, तोंड लांब धर. श्वासानं उडंल ती!" मग ती बोटानं हलकेच काजळी निपटायची, लोण्यात खलायची आणि डबीत भरायची.

श्वासानं उडण्याइतकी ती हलकी का, हे मला पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर उमगलं. तेल जळताना हवा पुरी पडली नाही तर त्यातला कार्बन तसाच मागं उरतो. त्याचा एकेक कण साधारण 20 ते 50 नॅनोमीटरचा. मीटरचे 100 कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास धरली, तर केसावर आडवे असे दोनेक हजार कण शेजारी-शेजारी बसतील. हे कण सुटे राहत नाहीत, मण्यांसारखे एकमेकांना चिकटून त्यांच्या माळा होतात. ज्योत पिवळी दिसते तीही यांच्यामुळंच, कारण तापलेले कण तिच्यात उजळत असतात. मायकेल फॅरडेनं 1860 च्या नाताळात लंडनला मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यात हे सांगितलंय. आज आपण ज्याला नॅनोकण म्हणतो, ते आमची आज्जी लोण्यात खलत होती. अर्थात तिला हे सांगितलं असतं तर "बरं, मग?" एवढंच म्हणाली असती.

एक गंमत मात्र आम्हा पोरांना आधीपासून ठाऊक होती. कंदिलाची वात जास्त वर चढली की काच काजळायची. त्या काचेवर पाण्याचा थेंब सोडला तर तो पसरायचाच नाही, पाऱ्याच्या गोळीसारखा घरंगळत जायचा. कार्बनला पाणी नकोसं, त्यातून त्या कणांच्या खाचाखोचांत हवा अडकलेली. थेंब वरच्यावर तरंगतो, काचेला टेकतच नाही. म्हणूनच काजळलेलं भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही. आईला ते पुरतं माहीत होतं. ती चुलीवर चढवायच्या आधीच पातेल्याला बाहेरून ओल्या राखेचा हात फिरवायची. मग काजळी राखेवर बसायची आणि राखेबरोबरच निघून जायची.

माळ्यावर पणजोबांच्या हातची एक पोथी आहे. काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेल्या शाईतली. डिंक प्रत्येक कणाला वेढून बसतो, त्यामुळं ते पाण्यातही गोळा होत नाहीत. वर उन्हा-उजेडानं कार्बनचं काही बिघडत नाही. कागद पार तांबूस झालाय, पण अक्षर काळं कुळकुळीत. माझ्या कॉलेजच्या निळ्या शाईच्या वह्या मात्र आता भिंग घेऊन वाचाव्या लागतात. बैलगाडीची लाकडी चाकं जाऊन रबरी टायरची गाडी आली, त्या टायरातही हीच. नुसतं रबर फिकट आणि मऊ, लवकर झिजणारं. त्यात काजळीची बारीक पूड मिसळतात तेव्हा कुठं ते ओझं सोसतं.

इतकं सगळं कौतुक करतो खरा, पण आईचा विषय निघाला की जीभ अडखळते.

चुलीत तुरकाट्या, पळकाट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात सगळंच सादळलेलं. फुंकणी तोंडाला लावून ती फुंकत बसायची आणि पुढचा श्वास घ्यायची तो त्याच धुरातला. नाकातले केस मोठी धूळ अडवतात. हे कण त्यांना जुमानत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. पन्नाशीच्या आतच तिला चार पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, "आजी, विडी ओढता का?"

"न्हाई वो. मिसरी लावत्ये, इडी कशाला वडू?"

"मग चुलीवर किती वर्षं?"

"न्हातीधुती झाल्यापासनं," आई म्हणाली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तोंडात ओढायचा पंप लिहून दिला.

त्याच काळात आमच्या विहिरीवर मोटर बसली, गाडीला टायर आले, गोठ्यावर पत्रा पडला. चुलीवर धुराडं मात्र आलं नाही. एकदा गावात निर्धूर चूल आली होती, आमच्याकडंही घातली. तिचा नळ कौलांतून वर काढला तिथं पावसाचं पाणी गळायला लागलं. आबांनी नळ उपटला आणि भोक बुजवलं. कौलं गळतात हे आबांना दिसलं. गावात तेव्हा पैसा आधी उंबऱ्याबाहेर खर्च व्हायचा, आणि चूल उंबऱ्याच्या आत होती. आजही कुठं कुठं तसंच आहे.

गॅस आला तेव्हा आबा नव्हते. कालवण, चहा गॅसवर गेलं. भाकरी मात्र आई चुलीवरच करते, कारण आरावर उभी केल्याशिवाय ती टम्म फुगत नाही म्हणते. दोनदा पंप ओढते आणि परत फुंकणी घेते. माझ्या नातीच्या वेळी तिनं काजळही धरलं. डोळ्यांत घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं कुरकुर न करता बाळाच्या कानामागं तीट लावली.

गेल्या दिवाळीला मी शिडी लावून आढं खरवडलं. पापुद्रे निघत होते, काही बोटभर जाड. आई खाली तोंडाला पदर लावून घमेलं धरून उभी. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "एवढी वर बसली, मग माज्या छातीत किती आसंल रं?"

मी वर्गात पोरांना ते आकडे फळ्यावर लिहून दाखवतो. तिला म्हणालो, "तू बाजूला हो आधी. अंगावर पडतीय."

घमेलं काठोकाठ भरलं. तिनं ते परसात नेऊन कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायला लावलं.