कायदा नदीपाशी थांबतो

केल, जर्मनी

चि. सई,


हायडलबर्गच्या प्रयोगशाळेत तुझी निवड झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं आणि फार आनंद झाला. त्याहून आनंद झाला तुझ्या पत्रातला प्रश्न वाचून. तू लिहिलंस, 'आत्या, उद्या माणसाचं क्लोनिंग अगदी सुरक्षित झालं, तरी ते चूकच का? आणि चूक असेल तर प्रत्येक देशाने आपापल्यापुरती बंदी घातली की झालं. त्यासाठी सगळ्या जगाने एकत्र कशाला यायचं?'

हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. माणसाचा क्लोन करायचा नाही, हे एखादा देश एकटा ठरवू शकतो. पण ते एकट्याने पाळता येत नाही. त्यासाठी शेजारी बरोबर लागतो आणि त्या शेजाऱ्यावर विश्वास लागतो. ऱ्हाइनच्या काठावर इतकी वर्षं राहून माझं हे मत पक्कं झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या केलमधून ट्रामने निघालं की नदी ओलांडून थेट फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला जाता येतं. 2017 पासून ही ट्राम पुलावरून धावते. बाजारहाटाला, नोकरीला, शाळेला लोक रोज ये-जा करतात. याच स्ट्रासबर्गने 1870च्या युद्धापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत चार वेळा देश बदलला. 1871 मध्ये ते जर्मनीत गेलं, 1918 मध्ये फ्रान्समध्ये परतलं, 1940 मध्ये पुन्हा जर्मनांनी घेतलं आणि 1944 मध्ये पुन्हा फ्रान्सचं झालं. तिथल्या एखाद्या म्हातारीला घर न बदलता एका जन्मात हे चारही बदल पाहावे लागले.

तू ज्या विषयात शिरते आहेस त्याची मुळंही याच खोऱ्यात आहेत. इथून दक्षिणेला फ्रायबुर्ग आहे. तिथल्या विद्यापीठात हान्स श्पेमान शिकवत. तान्ह्या बाळाच्या केसाचा फास सॅलॅमँडरच्या अंड्याभोवती आवळायचा आणि दोन भागांचं पुढे काय होतं ते बघायचं, अशा नाजूक प्रयोगांसाठी ते ओळखले जात. 1935 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 1938 मध्ये त्यांनी एक प्रयोग सुचवला: अंड्यातलं केंद्रक काढून टाकायचं आणि तिथे वाढ झालेल्या पेशीचं केंद्रक बसवायचं. 1996 मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली ती याच वाटेने. 277 प्रयत्नांतून जगली ती एकटी.

त्या 1938 सालानंतर पाचच वर्षांनी नदीच्या पलीकडे जे घडलं, तेही तुला माहीत असायला हवं. जर्मनांनी व्यापलेल्या स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात आउगुस्ट हिर्ट नावाचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याला ज्यूंच्या सांगाड्यांचा संग्रह करायचा होता. त्यासाठी आउश्वित्झच्या छावणीत माणसं निवडली गेली. मग त्यांना स्ट्रासबर्गजवळच्या नात्सवायलर छावणीत आणून ऑगस्ट 1943 मध्ये विषारी वायूने मारलं. अशी 86 माणसं. ती कोण होती हे जगाला अनेक दशकं ठाऊकच नव्हतं. हान्स-योआखिम लांग या जर्मन पत्रकाराने कागदपत्रांचा माग काढत त्या 86 जणांची नावं शोधली आणि 2004 मध्ये पुस्तकात छापली. त्यातल्या काहींचे अवशेष 2015 मध्ये स्ट्रासबर्गच्या वैद्यकीय संस्थेत बरण्यांत सापडले. त्याच वर्षी त्यांचं तिथल्या ज्यू दफनभूमीत दफन झालं.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. भ्रूण, क्लोन, अनुवंश हे शब्द निघाले की जर्मन माणूस एवढा ताठर का होतो, ते यातून कळेल. जर्मन राज्यघटनेचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठेचं आहे. भ्रूणसंरक्षणाचा कायदा 1991 पासून लागू आहे आणि माणसाचा क्लोन करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. डॉली जन्मण्याच्या पाच वर्षं आधीचा हा कायदा! फ्रान्सची वाट वेगळी. विज्ञानातल्या नीतिप्रश्नांवर सल्ला देणारी राष्ट्रीय समिती त्यांनी 1983 मध्येच नेमली होती, आणि दर काही वर्षांनी हे कायदे नव्याने तपासायची तिथे पद्धत आहे. क्लोन करून मूल जन्माला घालणं हा 2004 पासून तिथे मानवजातीविरुद्धचा गुन्हा आहे. शिक्षा 30 वर्षं कैद आणि 75 लाख युरो दंड.

असे हे दोन शेजारी. 1963 मध्ये फ्रान्सचे द गॉल आणि जर्मनीचे आडेनाउअर यांनी मैत्रीचा करार केला. त्यानंतर या मैत्रीची बांधणी फार चिकाटीने झाली. तरुणांची देवाणघेवाण करणारी संस्था त्याच वर्षी निघाली. 2006 मध्ये तर दोन्ही देशांच्या शाळांसाठी इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक आलं. ज्यांनी एकमेकांची गावं जाळली, त्यांची मुलं त्या लढायांचा एकच धडा वाचू लागली. आपल्या उपखंडात असं पुस्तक निघालेलं बघायला मिळावं, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

आता 2001 साल. सेव्हेरिनो अँतिनोरी हे इटालियन डॉक्टर आणि त्यांचे सहकारी माणसाचा क्लोन करण्याच्या उघड घोषणा करत होते. त्या ऑगस्टमध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून संयुक्त राष्ट्रांकडे मागणी केली, की क्लोन करून मूल जन्माला घालण्यावर बंदी आणणारा आंतरराष्ट्रीय करार करा. ज्या देशाच्या डॉक्टरांवर न्यूरेंबर्गला खटला चालला तो, आणि ज्याच्या व्यापलेल्या शहरात तो सांगाड्यांचा संग्रह उभा राहणार होता तो, असे दोघे एका मागणीखाली सही करत होते. शेजाऱ्यांचे संबंध बदलतात म्हणजे काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

मागणी मुद्दाम आखूड ठेवली होती. क्लोन केलेलं मूल जन्माला घालायचं नाही, एवढंच. यावर जवळपास सगळ्यांचं एकमत होतं. मतभेद होता तो उपचारासाठीच्या क्लोनिंगवर. म्हणजे क्लोन केलेला भ्रूण गर्भाशयात न घालता त्यातून मूलपेशी काढण्यावर. अमेरिका, कोस्टारिका आणि इतर अनेक देश म्हणाले, दोन्हींवर बंदी हवी, नाहीतर करार नको. बेल्जियम आणि त्याच्या बाजूचे देश म्हणाले, ज्यावर एकमत आहे तेवढं तरी आधी करू. नोव्हेंबर 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या समितीत चर्चा दोन वर्षं पुढे ढकलण्याचा ठराव 80 विरुद्ध 79 मतांनी संमत झाला. एका मताने! पुढे कराराचा नाद सोडला गेला आणि 8 मार्च 2005 रोजी आमसभेत नुसता एक जाहीरनामा संमत झाला. बाजूने 84, विरोधात 34, तटस्थ 37. तो कुणालाही बंधनकारक नाही.

त्या मतदानात जर्मनी बाजूने होता आणि फ्रान्स विरोधात. मागणी जोडीने केली, शेवटी मतं वेगळी पडली. भारत आणि चीनही विरोधातच होते. भारताला क्लोन केलेली मुलं हवी होती म्हणून नव्हे; मूल जन्माला घालण्यावरची बंदी त्याला मान्यच होती. पण जाहीरनाम्यात उपचाराच्या संशोधनाची वेगळी वाट ठेवलेली नव्हती.

आता तुझा पहिला प्रश्न. 'सुरक्षित झालं तरी' असं तू म्हणतेस; पण सुरक्षित ठरवायला आधी कुणावर तरी प्रयोग करावे लागतील ना? 2018 मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी माकडाचे क्लोन केल्याचं जाहीर केलं. 21 माद्यांच्या गर्भाशयात भ्रूण ठेवले, सहा गाभण राहिल्या, दोन पिल्लं जगली. त्या 21 जागी बायका ठेवून बघ. गेलेले गर्भ आणि जन्मून न जगलेली बाळं मोजून बघ. सुरक्षिततेपर्यंत पोचायचा रस्ताच अनैतिक आहे.

समज, तो रस्ताही कसा तरी पार झाला. तरी माझा विरोध राहील. काही जुळी भावंडंही अगदी सारखी असतात, पण दोघं बरोबरच जन्मतात. एकाने दुसऱ्याचं आयुष्य आधी जगून दाखवलेलं नसतं. क्लोन केलेल्या मुलाला मात्र कळत्या वयापासून ठाऊक असेल, की आपला चेहरा, आवाज, आजारसुद्धा आधी कुणीतरी जगून झालेत. हान्स योनास या तत्त्वज्ञाने म्हटलं होतं, की आपण पुढे काय होणार हे ठाऊक नसण्याचा माणसाला हक्क आहे. योनास 1933 मध्ये जर्मनी सोडून गेले. त्यांची आई आउश्वित्झमध्ये मारली गेली. माणसाला आधीच ठरवून टाकण्याचं टोक कुठवर जातं, हे त्यांनी भोगलं होतं.

आपल्याकडे आजोबा गेल्यावर वर्षभरात नातू झाला, की घरातल्या बायका म्हणतात, 'आजोबाच परत आले.' तो नातू पुढे क्रिकेट खेळो, तबला वाजवो, आजोबांना न आवडणारं काहीही करो, कुणी त्याला अडवत नाही. ते बोलणं मायेचं असतं, त्याला बांधणारं नसतं. पण गेलेल्या मुलाची जागा भरायला म्हणून ज्याला पैसे मोजून घडवलं, त्याला ती मोकळीक घरचे देतील? आईबापांचं दुःख खरं असतं, मला ते कळतं. म्हणूनच त्या दुःखाचं ओझं अजून न जन्मलेल्या जिवावर टाकू नये.

एक मात्र लक्षात ठेव. असं मूल उद्या कुठे जन्मलंच, तर ते पूर्ण माणूस असेल, तुझ्यामाझ्याइतक्याच हक्काचं. बंदी त्याच्यावर नाही, ते घडवणाऱ्यांवर आहे.

मग जगाने एकत्र कशाला यायचं? कारण कायदा नदीपाशी थांबतो. पैसा, डॉक्टर आणि दलाल थांबत नाहीत. आपल्याच शेजारी सरोगसीचं, म्हणजे दुसऱ्याचं मूल पोटात वाढवून देण्याचं, काय झालं बघ. परदेशी समलिंगी जोडप्यांना आणि एकेकट्या व्यक्तींना भारतात सरोगसी करता येऊ नये असे व्हिसाचे नियम 2012 मध्ये आले. लगेच धंदा काठमांडूला सरकला. तिथे नेपाळी बायकांना मनाई, परदेशी बायकांना मुभा. म्हणून भारतीय बायका सीमा ओलांडून नेल्या गेल्या. त्या सीमेवर ना त्यांना व्हिसा लागतो ना नेपाळ्यांना. 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला. इस्रायलने तान्ही बाळं विमानाने मायदेशी नेली. त्या बातम्यांत मला बाळं दिसली. त्यांना पोटात वाढवणाऱ्या बायका क्वचितच दिसल्या. त्याच वर्षी नेपाळने बंदी घातली, तेव्हा धंदा कंबोडियाकडे गेला. 2016 मध्ये तिथेही बंदी आली. प्रत्येक देशाने आपलं दार लावलं आणि ते लावताना शेजाऱ्याच्या दाराचा विचार केला नाही.

जर्मनीलाही हे सुटलेलं नाही. मूलपेशींसाठी भ्रूण मोडणं इथे गुन्हा आहे, पण बाहेर तयार झालेल्या पेशी परवानगीने आणता येतात. मात्र त्या 1 मे 2007 पूर्वीच्या हव्यात. आधी ही तारीख 1 जानेवारी 2002 होती, 2008 मध्ये ती पुढे सरकवली. जर्मनीच्या मागणीमुळे बाहेर नवे भ्रूण मोडले जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू मला पटतो. पण आपण करायचं नाही आणि शेजाऱ्याने केलेलं वापरायचं, ही टोचणी त्याने जात नाही. फ्रान्सने निदान आपल्या माणसांपुरता कायदा सीमेपलीकडे नेला: क्लोन करून मूल जन्माला घालण्यासाठी आपल्या पेशी देणारा फ्रेंच नागरिक परदेशात असला तरी गुन्हेगार ठरतो.

मैत्रीही गृहीत धरून चालत नाही. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे जर्मनीने सीमा बंद केली आणि ट्राम पुलापलीकडेच थांबली. फ्रेंच लोकांना इकडे काहींनी वाईट बोल लावले. त्याच महिन्यात पलीकडच्या अल्सास भागातली रुग्णालयं भरून गेली, तेव्हा फ्रायबुर्ग आणि तुझ्या हायडलबर्गने तिथले अत्यवस्थ रुग्ण आपल्याकडे घेतले. जुनी ओळख, एकमेकांचे फोन नंबर आणि बरोबर काम करायची सवय होती, म्हणून ते जमलं.

आता तुला दोन गोष्टी सांगते. पहिली: प्रयोगशाळेत हातात येणाऱ्या पेशी कुठून आल्या, कुणी दिल्या, देणाऱ्या बाईला काय सांगितलं होतं, हे विचारत जा. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी मानवी भ्रूणाचा क्लोन केल्याचा दावा केला, तेव्हा सारा देश त्यांना डोक्यावर घेऊन नाचला. पुढे कळलं, की त्यांच्याच हाताखालच्या तरुण संशोधक मुलींची अंडी त्यात वापरली होती. 2006 मध्ये तर आकडेवारीच खोटी ठरली. अशा ठिकाणी पहिला प्रश्न कनिष्ठ माणसानेच विचारावा लागतो, आणि त्याला धैर्य लागतं.

दुसरी: आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं क्लोन करून मूल जन्माला घालायला मनाई करतात. पण भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांनी एका टेबलाशी बसून, तुमची बाई आमच्याकडे आणि आमचा डॉक्टर तुमच्याकडे अशा कामासाठी येऊ द्यायचा नाही, एवढं तरी ठरवायला हवं. भ्रूणाला जीव कधी मानायचा यावर त्यांचं एकमत होणार नाही. व्हायची गरजही नाही. पुढच्या वीस वर्षांत अशा टेबलाशी सल्ला द्यायला तुझ्या पिढीचे शास्त्रज्ञ बसतील. तू तिथे असलीस, तर 2003 मधलं ते एक मत आठव आणि सगळ्यांना सांग: जिथे वाद आहे तो चालू दे, ज्यावर एकमत आहे तेवढं आज लिहा आणि त्याखाली सही करा.

तब्येतीला जप. हायडलबर्गला पोचलीस की कळव.

तुझी,
आत्या