उतारावरचं तेल

मागच्या नोव्हेंबरात मी गाडीचं इंजिन ऑइल पहिल्यांदा घरी बदललं. त्याआधीच्या सर्व्हिसिंगला एका वर्कशॉपने नव्या फिल्टरचे पैसे घेतले होते आणि गाडीखाली वाकून पाहिलं तर फिल्टर जुनाच, धुळीने माखलेला. भांडण्यात वेळ घालवला नाही. यापुढे हे काम आपल्या हातांनी करायचं, एवढं ठरवलं.

गाडी छोटी, पेट्रोलवर चालणारी, नऊ वर्षांची. पुस्तिकेत लिहिलं होतं, फिल्टर बदलल्यास ३.१ लिटर. साडेतीन लिटरचा डबा घेतला. फिल्टर आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या, नटाचा वायसर भोपाळच्या जिनसीतल्या एका दुकानातून आणला. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पुडी बांधता बांधता सांगितलं, "को खां, तेल डाल के फौरन मत देखना. नीचे आने दो उसे." मी मान हलवली आणि विसरलो.

काम नीट झालं. इंजिन थोडं गरम करून घेतलं, गाडी जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या, मागच्या चाकांना ओट लावली. नट काढल्यावर काळं तेल परातीत पडलं, धार थांबून थेंब-थेंब होईपर्यंत वाट पाहिली. नव्या वायसरसह नट परत बसवला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावलं आणि तो हातानेच आवळला. मग गाडी घोड्यांवरून उतरवून नरसाळ्यातून मोजून ३.१ लिटर ओतलं. फिल्टरात तेल भरावं म्हणून इंजिन मिनिटभर चालू ठेवलं, बंद केलं आणि लगेच तेल मोजायची पट्टी ओढली.

पट्टीच्या टोकाशी दोन खुणा असतात, खालची किमान आणि वरची कमाल. माझ्या पट्टीवर त्यांच्यातलं अंतर सोळा मिलिमीटर आहे, हे मी नंतर मोजलं. तेल खालच्या खुणेच्या जेमतेम चार मिलिमीटर वर होतं. पोटात गोळा आला. पुस्तिकेतला आकडा चुकीचा असेल, की माझं मोजमाप? डब्यात चारशे मिली उरलं होतं, तेही ओतलं. पुन्हा लगेच पाहिलं, तर तेल पाऊण पट्टीपर्यंत आलेलं. रात्री समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा भरायला पेट्रोल पंपावर गेलो. हवेसाठी रांग होती. सपाट फरशीवर गाडी दहा मिनिटं बंद उभी होती, म्हणून सहज पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर, करंगळीच्या रुंदीएवढं.

जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटत असे. पण चेंबरच्या वर क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. पातळी फार वाढली की तो तेलात बुडू लागतो आणि ताक घुसळावं तसं तेल घुसळतो. तेलात हवा मिसळते, फेस होतो. पंप मग तेलाबरोबर हवाही ओढतो आणि बेअरिंगला हवा तेवढा दाब मिळत नाही. सीलमधून गळती सुरू होऊ शकते, काही तेल हवेच्या नळीवाटे इंजिनात जाऊन जळतं. कमी तेलाची भीती आपल्याला लहानपणापासून घातलेली असते, जास्तीची कुणी घालत नाही.

घरी आलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. ते आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. आजोबा १९५६ साली राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून सरकारी दप्तराबरोबर इकडे आले, आणि बाबा १९६४ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले. ते पुढे भेलमध्ये विलीन झालं. निवृत्त होईपर्यंत ते ट्रान्स्फॉर्मर विभागात होते. तेल हा त्यांचा विषय आहे, हे मला ठाऊक होतं. पण ट्रान्स्फॉर्मरचं तेल आणि गाडीचं तेल यांचा संबंध मी कधी जोडला नव्हता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले. तेल ओतल्यावर किती वेळ थांबलास? तेल गरम होतं की गार? गाडी कुठे उभी होती?

"अरे, ट्रान्स्फॉर्मरच्या वरच्या टाकीला पातळी दाखवणारा गेज असतो," ते म्हणाले. "त्याच्यावर एक खूण नसते, वेगवेगळ्या तापमानांच्या खुणा असतात. तेल किती गरम आहे ते माहीत नसेल, तर पातळी सांगून उपयोग काय? आणि भरल्यावर आम्ही तेल तासन् तास तसंच ठेवायचो. बुडबुडे निघून जाईपर्यंत चाचणीला हात लावायचा नाही."

मी कागद घेऊन हिशेब केला. इंजिनचं तेल दर दहा अंशांना साधारण पाऊण टक्क्याच्या आत-बाहेर फुगतं. सकाळचे तीस अंश आणि चालत्या इंजिनातले नव्वद, यांत तीन लिटर तेल सव्वाशे मिलीच्या आसपास वाढतं. माझ्या पट्टीवर ते दोन-अडीच मिलिमीटर होतात. म्हणून काही गाड्यांची पुस्तिका सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी पाहायला सांगते, आणि काहींची इंजिन गरम करून, बंद करून, काही मिनिटं थांबून. आपल्या गाडीची जी रीत असेल ती धरावी आणि दर वेळी तीच धरावी. माझ्या पुस्तिकेत पाच मिनिटं लिहिली आहेत, मी दहा थांबतो.

थांबण्याने किती फरक पडतो, तेही आम्ही त्याच दिवशी पाहिलं. इंजिन बंद केल्या केल्या बरंच तेल वर हेडमध्ये, वाल्वच्या आसपास आणि भिंतींवर चिकटलेलं असतं. ते बारीक वाटांनी चेंबरमध्ये उतरतं. लगेच पाहिलं तेव्हा, आणि दहा मिनिटांनी पाहिलं तेव्हा, पट्टीत आठ मिलिमीटरांचा फरक होता. म्हणजे चारशे मिली, आदल्या रात्री मी घाबरून ओतलं तेवढंच.

उरलेली गोष्ट पोर्चची. "पोर्च सपाट आहे हे तुला कुणी सांगितलं?" बाबांनी विचारलं. भोपाळ हे चढ-उतारांचं गाव. श्यामला हिल्स, अरेरा हिल्स, ईदगाह हिल्स, नावातच टेकड्या. आमचं कोलार रोडवरचं घरही चढावर आहे, आणि पोर्चला पावसाचं पाणी फाटकाकडे जावं म्हणून गवंड्याने वेगळा ढाळ दिला आहे. रोज पाय पडणारी जागा, तरी डोळ्याला तो दिसत नाही. बाबांनी माळ्यावरून पारदर्शक प्लास्टिकची नळी काढायला लावली. त्यात पाणी भरून एक टोक पुढच्या चाकाशी, एक मागच्या चाकाशी धरलं. गवंडी पाया काढताना असंच करतात. पुढच्या चाकाखालची जमीन नऊ सेंटिमीटर वर निघाली. गाडीचं तोंड वर, म्हणून तेल मागे सरकलेलं, आणि माझ्या इंजिनात पट्टी पुढच्या अंगाला आहे.

आधी जादा तेल काढायला हवं होतं. त्यासाठी चेंबरचा नट पुन्हा उघडायची गरज नव्हती. औषधाच्या दुकानातून पन्नास मिलीची सिरिंज आणि सलाईनची नवी नळी आणली. पट्टीच्या भोकातून नळी तळापर्यंत सरकवली आणि दट्ट्या हळूहळू ओढला. जोरात ओढलं तर नुसती हवा येते. तेल मधाच्या रंगाचं, अजून कोरं दिसणारं. नऊ सिरिंज काढल्या, साडेचारशे मिली.

मग बाबांनी जे सुचवलं ते मी कुठल्याच पुस्तिकेत वाचलं नव्हतं. फिटर लोक स्पिरिट लेव्हल खरी आहे का ते कसं तपासतात? ती जागेवरच उलट फिरवून पुन्हा पाहतात. दोन्ही वेळा बुडबुडा जिथे थांबतो त्यांचा मध्य म्हणजे खरी पातळी. "गाडीही तशीच फिरव," ते म्हणाले. मी गाडी तोंड आत करून लावली, दहा मिनिटं थांबून पट्टी पाहिली. तेल खालच्या खुणेपासून अकरा मिलिमीटरवर. मग बाहेर काढली, मागे घेत त्याच जागी आणली, पुन्हा दहा मिनिटं. एकोणीस मिलिमीटर. मध्य पंधरा, म्हणजे वरच्या खुणेच्या एक मिलिमीटर खाली. दुपारी पंपाच्या सपाट फरशीवर जाऊन पाहिलं, तिथेही पंधराच. मला इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं.

नव्या तेलाची आणखी एक अडचण आहे. ते इतकं स्वच्छ असतं की पट्टीवर दिसतच नाही. शिवाय पट्टी काढताना नळीच्या भिंतीला घासते आणि वरपर्यंत ओघळ उमटतात. म्हणून पहिल्यांदा काढायची ती फक्त पुसायला. दुसऱ्यांदा पूर्ण आत बसवून काढायची आणि दोन्ही बाजू पाहायच्या. जी बाजू कमी दाखवते ती खरी. तरी दिसलं नाही तर पट्टी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर अलगद टेकवायची. कागद जिथपर्यंत ओला होतो तिथली कड स्पष्ट दिसते.

शेजारच्या मुलाने हे पाहून त्याच्या मोटरसायकलचं विचारलं. तिथे रीत निराळी आहे. पट्टी झाकणालाच जोडलेली असते, आणि बऱ्याच मोटरसायकलींत ती पाहताना आटे फिरवून आवळायची नसते, नुसती टेकवायची. गाडी साइड स्टँडवर कलती असेल तर पाहूच नये, मेन स्टँडवर सरळ उभी करावी. तो इतके दिवस साइड स्टँडवर, झाकण आवळून पाहत होता.

जुनं तेल मी रिकाम्या डब्यात भरून ठेवलं आणि जुनं तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे दिलं. याबाबत मी हट्टी आहे. कॉलनीत काही जण ते गटारात ओततात. या गावातली घाण पाण्याबरोबर कुठे ना कुठे तळ्याकडे जाते, आणि गावातले पुष्कळ लोक मोठ्या तळ्याचं पाणी पितात. २००२ मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं म्हणून जपायचं असं नाही, आपल्या माठात येतं म्हणून जपायचं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी, मी त्या दिवशी लिहिलं: ऑइल ३.०५ लि., दोन्ही तोंडांनी १५ मिमी. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहतो. फेब्रुवारीत चौदा आलं, मार्चमध्येही चौदा. मी आकडा लिहीत असतो तेव्हा बाबा ओसरीवरून विचारतात, "फिरवून पाहिलंस ना?"