पांढऱ्या दगडांच्या गावांत (भाग तिसरा)

सोमवार, व्लादिमीर

सकाळी मॉस्को सोडलं. क्ल्याझ्मा नदीच्या उंच काठावर उस्पेन्स्की कथीड्रल उभं आहे. राजा आंद्रेई बोगोल्यूब्स्कीने ते ११५८ ते ११६० मध्ये पांढऱ्या चुनखडीत बांधलं. १२३८ मध्ये मंगोल सरदार बातू खानाच्या फौजेने शहर लुटलं, तेव्हा राजकुटुंब आणि नागरिक इथेच आसऱ्याला आले. बाहेरून आग लावली गेली. आतले सगळे गेले, भिंती उरल्या. त्याच भिंतींवर १४०८ मध्ये आंद्रेई रुब्ल्योव्ह आणि दानील चोर्नी यांनी अंतिम न्यायाचा दिवस रंगवला. मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. न्यायनिवाड्याला बसलेल्या प्रेषितांच्या चेहऱ्यांवर राग नाही, माया आहे. जिथे इतकी माणसं होरपळली, तिथे चित्रकारांनी भीती रंगवली नाही, हे मला फार मोठं वाटलं.

मंगळवार, बोगोल्यूबोवो

स्टेशनापासून कुरणातून दीडेक किलोमीटर चाललं की नेर्ल नदीकाठचं पोक्रोव चर्च येतं. एकच घुमट, सडसडीत भिंती. वसंतात बर्फ वितळलं की हे कुरण पाण्याखाली जातं. म्हणून बाराव्या शतकातल्या कारागिरांनी आधी पाया भरला, त्यावर काही मीटर उंच दगडी भिंती रचल्या, भोवती मातीची टेकडी उभारून ती दगडांनी मढवली आणि मग वर चर्च बांधलं. डोळ्यांना दिसतो तो नाजूकपणा. त्याला तोलणारी मेहनत जमिनीखाली आहे.

बुधवार, सुझ्दाल

मॉस्को-निझ्नी नोव्हगोरोद रेल्वे १८६२ मध्ये व्लादिमीरवरून गेली, सुझ्दाल बाजूला राहिलं. कारखाने फारसे आले नाहीत, त्यामुळे कामेन्का नदीकाठी अजून घुमटच उंच दिसतात. डोक्याला रुमाल बांधून पोक्रोव्स्की मठात गेले. इथलं कथीड्रल मॉस्कोचा राजा वासिली तिसरा याच्या देणगीतून पुरं झालं. पुढे मूल होत नाही म्हणून त्याने राणी सोलोमोनियाला १५२५ मध्ये सक्तीने संन्यास दिला आणि याच मठात धाडलं. १६९८ मध्ये झार पीटरनेही (पीटर द ग्रेट) आपल्या पहिल्या राणीला, येव्दोकियाला, इथेच पाठवलं. या शुभ्र भिंतींचं कौतुक करताना त्यांच्याआड कोंडलेल्या बायकांची नावंही घ्यायला हवीत. सोलोमोनियाला लोकांनी संत मानलं. तिच्या नावाने आजही मेणबत्त्या लागतात.

पुढच्या भागात रोस्तोव्ह: १६८८ मध्ये ओतलेली बत्तीस टनांची 'सिसोय' घंटा आणि नेरो तळं.