वाईन आणि आजीच्या ओव्या

आमच्या घरी वाईनचे नाव काढायची सोय नाही. वडील माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत "अण्णा, आजीच्या ओव्या वाईनमुळं सापडल्या," असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि नुसते आईकडे पाहिले. मग सगळे समजावून सांगणे आले. तेच इथे जरा विस्ताराने लिहितो.

आजी जात्यावर ओव्या म्हणायची. गावातल्या शाळेच्या गुरुजींनी १९९८ साली त्या तिच्यापुढे बसून उतरून घेतल्या आणि त्या वेळच्या एका मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून ठेवल्या. आता आजी नाही, गुरुजीही नाहीत. त्यांच्या मुलाने फाइली आणि तो प्रोग्रॅम असलेली सीडी मला दिली.

तेव्हा युनिकोड मराठीत रुळले नव्हते. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाइल दुसरीकडे उघडली की नुसता चिन्हांचा चिवडा! वाचायला तोच प्रोग्रॅम हवा. पण कॉलेजजवळच्या दुकानातल्या नव्या संगणकावर तो सुरूच होईना. तो सोळा बिटांचा, विंडोज ३.१ च्या जमान्यातला. आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये असले प्रोग्रॅम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. घरच्याच म्हाताऱ्याला घराने ओळख देऊ नये, तसे हे झाले.

माझा संगणक तिसऱ्या हाताने आलेला. त्यावर लिनक्स, कारण ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. वसतिगृहातल्या एका मित्राने सुचवले, वाईन टाकून बघ.

या नावाचा विस्तार 'वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर' असा सांगतात. म्हणजे, हे सोंग नव्हे! दुसऱ्या यंत्राचे सोंग वाईन घेत नाही. प्रोग्रॅममधली आकडेमोड प्रोसेसर थेट करतो. पण प्रोग्रॅमने "खिडकी काढ", "फाइल उघड" अशी विंडोजला हाक मारली, की ती वाईन ऐकते आणि तेच काम लिनक्सकडून करवून घेते. प्रोग्रॅमला 'सी' ड्राइव्ह लागतो. वाईन त्याला एक साधा फोल्डर दाखवते आणि तो बिचारा समाधान मानतो. वर्गात ऐकलेले घरी आईला आमच्या बोलीत सांगताना मी निराळे काय करतो?

हे काम १९९३ साली सुरू झाले. १९९४ पासून अलेक्झांडर जुलियार्ड त्याची धुरा वाहत आहेत. विंडोजचा मूळ कोड हाताशी नाही. प्रोग्रॅम काय मागतो आणि त्याला काय मिळते, हे पाहून पाहून लिहायचे. काही प्रोग्रॅमना तर विंडोजच्या चुकांचीही सवय झालेली असते. मग त्या चुकासुद्धा जशाच्या तशा करून द्यायच्या! १.० ही आवृत्ती निघाली २००८ साली. पंधरा वर्षे! एवढ्यात माणूस पहिलीपासून पदवीपर्यंत पोचतो. आज याच पायावर उभ्या असलेल्या प्रोटॉनमुळे लिनक्सवर विंडोजचे खेळ चालतात. मला खेळांचे वेड नाही, पण त्या निमित्ताने वाईनला चांगले दिवस आले, हेही खरे.

वाईनवर सगळेच चालते असे मात्र नाही. माझाही प्रोग्रॅम दोनदा बंद पडला. तिसऱ्या खेपेला राखाडी खिडकी उघडली आणि तीत मराठी अक्षरे दिसली. त्रेसष्ट ओव्या. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या. आणि एकीत अण्णांचे नाव, रांगत्या वयातले. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली.

आता मी त्या एकेक करून युनिकोडमध्ये उतरवतो आहे. काही ठिकाणी रफार भलत्याच अक्षरावर जातो, काही ठिकाणी अक्षरच गळते. तिथे आत्याला फोन लावतो. ती सरळ सांगत नाही. पहिल्यापासून गात येते आणि मी अडलेला शब्द येईपर्यंत थांबतो. एक्केचाळीस झाल्या आहेत. बेचाळिसावीत गुरुजींनी लिहिलेला शब्द आत्याला मान्य नाही.