अंबादेवीच्या कपारीत

आम्हा बुलढाणेकरांचा दगड म्हणजे काळा. घर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, पाहुणे आले की लोणारची फेरी ठरलेली... सगळीकडे तोच काळा कातळ. कठीण इतका, की त्यात लेणं हवं तर पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवावी लागते. म्हणून जानेवारीत सातपुड्यात गेलो तेव्हा तिथला पिवळसर-तांबूस दगड मी आधी हाताने चोळून पाहिला. बोटांना चक्क वाळू लागली!

ही जागा अमरावती जिल्ह्यातल्या धारूळच्या उत्तरेला. गाव महाराष्ट्रात, डोंगर मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात. आपल्याकडे लाव्हा पसरला त्याच्याही आधी नद्यांनी टाकलेल्या वाळूचा हा दगड. त्यातले मऊ थर ऊन-पावसाने आधी झिजतात, वरचे टणक थर छपरासारखे पुढे येतात. झाली कपार तयार, छिन्नी न लावता. आत पाऊस येत नाही, म्हणून चित्रं टिकली.

मुक्काम मोर्शीला आत्याकडे. सकाळी निघताना म्हणाली, "एवढ्या दुरून गोटे पाहाले आला का रे बापू?" आणि स्वतःच चप्पल घालून गाडीत बसली. तिला देवीला जायचंच होतं. चाळीस वर्षं जाते आहे ती अंबादेवीला.

साग, पळस, धावडा. पानगळीचे दिवस, पायाखाली नुसता चुरचुर आवाज. दोन तासांची चाल असेल, आत्यामुळे तीन. वर कड्याला आग्या मोहळं लटकलेली, त्यामुळे तिथे सगळे कुजबुजत बोलत होतो.

पहिल्या कपारीत डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. मग गेरूच्या रंगातली एक रेघ दिसली, मग पाठ, मग सोंड. हत्ती! बाजूला हरणं, माणसं, काही पांढऱ्या रंगात. काही चित्रं सरळ दुसऱ्या चित्रांवरच काढलेली. म्हणजे एका पिढीचं काम नव्हे हे. आत्या बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अवो, इथं बसून भाकर खाल्ली न मी कितीकदा." आणि थोड्या वेळाने, स्वतःच्या हातावरचं गोंदण पुढे करून, "हे असंच आहे."

मला हे फार आवडलं. २७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गवेडे मित्र इथे पोचले आणि जगाला ही चित्रं कळली. पुढे एकेक करत शंभराहून अधिक कपारी सापडल्या. शोधकांचा अंदाज २५ हजार वर्षांपर्यंत जातो. आपले वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेतून भीमबेटकाचे खडक पाहून उतरले, त्याच जातीची ही माणसं. गुराखी, भाविक तर त्याआधीही येत होतेच, पण नजर वर करून थांबावं लागतं, ते या मंडळींनी केलं.

आता न आवडलेलं. दुसऱ्या कपारीत चार मुलं फोटो काढत होती. रंग फिका येतोय म्हणून एकाने बाटलीचं झाकण उघडलं. पाणी मारलं की चित्र क्षणभर उजळतं, हे खरं. पण हा दगड स्पंजासारखा, पाणी आत मुरतं, सुकताना क्षार घेऊन वर येतं आणि रंगावर पांढरा थर धरतो, पुढे पोपडे निघतात. मी हे समजावून सांगायच्या तयारीत होतो. आत्याने तेवढी वाटच पाहिली नाही. "देवीच्या आंगावर कुल्ला करतं का रे?" मुलाने बाटली खाली घेतली. शेजारच्या भिंतीवर खडूने कुणाकुणाची नावं होतीच, बदामासकट. ती नावं मी सांगणार नाही, त्यांची तेवढीच तर इच्छा असते!

इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे, मी कुठेही गेलो की वाट अगदी ओढा-वळणासकट लिहितो. या वेळी नाही लिहीत. देवळापर्यंतची वाट धारूळमध्ये कुणीही दाखवेल. पुढच्या कपारींसाठी ज्यांना खरंच यायचंय त्यांनी मला मेल करावी. बाटलीतलं पाणी फक्त पिण्यासाठी, ही अट. आणि आत्या सोबत येईल.